गावाचा समुद्र कागदावर कसा आणायचा: रापण, जाळी, वाळवण, स्कूबा, कासवं सगळ्यांसकट

जमिनीचा सातबारा असतो, पाण्याचा नसतो. सगळी अडचण इथूनच सुरू होते. आमचं गाव मालवण तालुक्यात, दीड-एक किलोमीटरची पुळण (वाळूचा किनारा), एका टोकाला खडप (खडकाळ भाग), दुसऱ्या टोकाला खाडीचं मुख, आणि एवढ्याशा पाण्यात रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे), गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं लावून ठेवणारे), खडकावरची कालवं म्हणजे शिंपले काढणाऱ्या बायका, स्कूबावाले, पॅरासेलिंगवाले, घरगुती निवासाचे पाहुणे आणि हिवाळ्यात रात्री अंडी घालायला येणारी कासवं एवढी सगळी आहेत. कोण कुठे काय करतं हे गावात सगळ्यांना तोंडपाठ. पण किनाऱ्याच्या आराखड्याचा एक मसुदा आला तेव्हा त्यात आमची मासळी वाळवणाची जागा नुसती मोकळी जमीन दाखवलेली आणि रापणीचं पाणी म्हणजे कोरा निळा रंग. कागदावर जिथे काही नाही ती जागा रिकामी, असंच वाचलं जातं, आणि रिकाम्या जागेवर उद्या कोणीही काहीही मागू शकतो. तेव्हा आम्ही बसून गावाचा स्वतःचा नकाशा केला. दोन हंगाम गेले त्यात. काय केलं, काय चुकलं, काय उपयोगी पडलं ते सगळं इथे लिहितोय, तुमच्या गावाला थेट वापरता येईल असं.

सरकारी भाषेत याला सागरी अवकाश नियोजन म्हणतात. युनेस्कोने २००९ ला त्याच्या पायऱ्या सांगणारं एक मार्गदर्शक काढलंय, आपल्याकडे नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपमध्ये त्याचं प्रायोगिक काम झालंय. नाव मोठं आहे पण मुळात प्रश्न एकच, या पाण्यात कोण, कुठे, कधी, आणि दोघं एकाच वेळी आले तर काय करायचं. यातला "कधी" सगळ्यात महत्त्वाचा आहे, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

पहिलं काम म्हणजे माणसं जमवणं, आणि इथेच आमचं चुकलं. पहिली मीटिंग सकाळी दहाला शाळेत ठेवली. पस्तीस माणसं आली, सगळे पुरुष. बायका का नाही आल्या तर त्या वेळी त्या मासळी बाजारात टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, एवढं साधं आमच्या डोक्यात आलं नाही. परिणाम असा की पहिल्या नकाशावर वाळवणाची जागा नाही, कालवांचा खडक नाही, खाडीतली तिसऱ्यांची (शिंपल्यांची) पुळण नाही. म्हणजे ज्या चुकीबद्दल आपण सरकारी कागदाला नावं ठेवत होतो तीच आपण घरात केली. दुसरी मीटिंग दुपारी चारला, मच्छी मार्केटच्या शेडमध्येच घेतली आणि त्या एका बैठकीत नकाशावर नऊ जागा वाढल्या. त्यामुळे वेळ आधी विचारा, मग मीटिंग लावा. आणि सगळ्यांना एकदम एका खोलीत बसवू नका, आधी रापणकरांबरोबर वेगळं, बायकांबरोबर वेगळं, पर्यटनवाल्या पोरांबरोबर वेगळं, नंतर एकत्र. एकदम बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच पाणी मोठं होतं. बाहेरून येऊन व्यवसाय करणाऱ्यांनाही बोलवा, आवडो न आवडो, कारण ज्याने बैठकीत मान डोलावली नाही तो नियम पाळणार नाही.

आमच्याकडे एक ज्येष्ठ रापणकर आहेत, ते सुरुवातीला ऐकायलाच तयार नव्हते. म्हणाले, "आमची जागा कागदार कित्याक व्हयी? सगळ्यांका ठावक असा." त्यांचं खरं होतं, गावातल्यांना ठाऊक आहे. मी त्यांना वरळीचं सांगितलं. मुंबईत कोस्टल रोडचा पूल वरळी कोळीवाड्याच्या बोटी जायच्या वाटेवरून नेला, दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. लाटा आणि प्रवाह असताना एवढ्यातून बोटी सुरक्षित जात नाहीत म्हणून तिथल्या कोळी बांधवांनी काम रोखलं, मोठं आंदोलन केलं, तेव्हा ते अंतर १२० मीटर झालं. बोटीची वाट त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, पण पुलाची आखणी करताना ती हिशोबात धरली गेली नाही. हे ऐकून काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग स्वतःच काठी घेऊन वाळूत रेघा मारायला लागले, हयसून थयसर. आमच्या नकाशाची सुरुवात त्या वाळूतल्या रेघांनी झाली आणि मी तुम्हालाही हेच सांगेन, पहिला नकाशा वाळूत किंवा जमिनीवर खडूने काढा. लॅपटॉप उघडला की म्हातारी माणसं बोलायची थांबतात.

त्यानंतर कागद. उपग्रहाचं चित्र मोठं प्रिंट करून घ्या, फ्लेक्सवाला चार बाय सहा फुटांचं करून देतो, साधा कागद नको कारण ओल्या हातांनी सगळे बोटं ठेवतात. त्यावर ट्रेसिंग पेपर लावा आणि प्रत्येक गटाचा वेगळा रंग. खोली मीटरमध्ये विचारू नका, वावात विचारा. जुना तांडेल (होडीचा प्रमुख) "सात वाव पाणी" लगेच सांगतो, मीटर विचारलं की अडखळतो. एक वाव म्हणजे साधारण १.८३ मीटर, तुम्ही नंतर गुणाकार करा. मत्स्यव्यवसायाच्या नियमांतही ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी) आणि पर्ससीन (थव्याला मोठ्या जाळ्याने वेढणाऱ्या बोटी) यांच्या काही मर्यादा वावातच आहेत, म्हणून तो आकडा तसाच नोंदवून ठेवा.

आता अक्षांश-रेखांश. इथे नीट लक्ष द्या कारण आमचा अख्खा महिना यात गेला. बोटीवरचा जीपीएस आकडा बहुतेक वेळा अंश आणि मिनिटांत दाखवतो आणि मोबाईल दाखवतो दशांश अंशात. तांडेलाने वहीत लिहून दिलं १६ अंश ०३.५० मिनिटं, आमच्या पोराने मोबाईलमध्ये टाकलं १६.०३५०. दिसायला सारखंच वाटतं ना. पण मिनिटांना ६० ने भागायचं असतं, ३.५० भागिले ६० म्हणजे ०.०५८३, तर खरा आकडा १६.०५८३. फरक किती, तर १.४ सागरी मैल, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त! आमचा स्कूबाचा खडक नकाशावर भलत्याच ठिकाणी जाऊन बसला आणि तो कागद घेऊन आम्ही ऑफिसात जाणार होतो. एका गिलनेटवाल्याने बघितलं म्हणून वाचलो. तेव्हा प्रत्येक आकड्यासमोर तो कुठल्या पद्धतीतला आहे ते लिहा, बोटीच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, आणि नकाशा झाला की प्रत्येक गटातल्या एका माणसाला बोटीतून नेऊन किमान चार बिंदू प्रत्यक्ष पाण्यावर तपासा. हे टाळू नका.

एक मात्र आधीच ठरवा, कुठली माहिती बाहेर द्यायची नाही. माशांच्या नेमक्या जागा, म्हणजे ज्या खडकाजवळ हमखास इसवण लागते वगैरे, त्या सार्वजनिक नकाशावर कशाला हव्यात? आम्ही दोन प्रती केल्या. गावाच्या प्रतीत सगळं, बाहेरच्या प्रतीत फक्त मोठा पट्टा आणि "पारंपरिक मासेमारी क्षेत्र" एवढंच. नेमक्या जागा बाहेर जाणार नाहीत हा शब्द आधी दिला तेव्हाच लोक मनापासून बोलायला लागले.

कोण कुठे हे झालं. आता कधी. एक तक्ता करा, आडवे बारा महिने, उभे सगळे वापर, आणि प्रत्येक घरात दिवसाची वेळ आणि भरती-ओहोटी. मराठी महिने घाला, इंग्रजी खाली बारीक लिहा, कारण हंगाम आपल्याकडे नारळी पौर्णिमेपासून मोजतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी बंदी असते, ती पण दाखवा. कालवं काढायचं काम उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, जेव्हा सुकती (ओहोटी) मोठी लागते आणि खडक उघडा पडतो, भांगाच्या म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत नाही. वेळ काढायला आपल्या लोकांचं जुनं गणित आहेच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती. कॅलेंडर भिंतीवर असलं की शाळेतलं पोरगंसुद्धा तक्ता भरू शकतं. आमच्या सातवीतल्या मुलींनीच भरला.

तक्ता पुरा झाल्यावर जे दिसलं त्याने आमची सगळ्यांची मतं बदलली. नकाशावर जिथे पाच रंग एकमेकांवर चढलेले, जिथे आम्हाला वाटत होतं की आता भांडणाशिवाय मार्ग नाही, तिथे तक्त्यात बघितलं तर त्यातले तीन वापर वेगवेगळ्या वेळी होते. खरी टक्कर फक्त दोन-तीन ठिकाणी आणि तीही दिवसाच्या काही तासांपुरती.

सगळ्यात मोठी टक्कर रापण आणि वॉटर स्पोर्ट्सची. ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धगोल घेत जाळं सोडत जाते आणि परत किनाऱ्याला लागते, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून पन्नास-साठ माणसं हळूहळू ओढतात, त्याला वेळ लागतो, आणि जे येतं त्याचे वाटे पडतात, म्हाताऱ्या माणसाच्या घरी पण वाटा जातो. बांगडा-तारलीचा थवा कधी किनाऱ्याजवळ येईल ते घड्याळ लावून सांगता येत नाही, पाण्याचा रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघून ठरतं. अशा वेळी मधल्या पाण्यात जेटस्की घुसली किंवा कोणी नांगर टाकून बसलं तर थवा तरी फुटतो नाहीतर जाळं तरी फाटतं. आणि दुसऱ्या बाजूला पॅरासेलिंगवाली पोरं पण गावातलीच, कर्ज काढून बोट घेतलेली, डिसेंबरचे वीस दिवस त्यांचं वर्ष चालवतात. त्यांनी उपाशी राहायचं का? दोघांचं पोट एकाच पुळणीवर आहे हे मान्य केलं तरच पुढे बोलणं होतं.

आम्ही काय केलं, तर किनाऱ्यावर एक उंच बांबू रोवला. रापणीच्या पट्ट्यात सकाळी दहापर्यंत एकही स्पोर्ट्सची बोट पाण्यात नाही, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दहानंतर पट्टा मोकळा, पण दिवसात कधीही थवा दिसला की रापणकर लाल बावटा चढवणार आणि बावटा वर आहे तोपर्यंत सगळ्यांनी पट्टा सोडायचा. रात्री कोणतीही बोट त्या पट्ट्यात नांगरून ठेवायची नाही, बोया (नांगरलेला तरंगता पिंप) आणि साखळी तर अजिबात नाही. बदल्यात रापणकरांनी दक्षिणेकडचा तीनशे मीटरचा तुकडा वर्षभर सोडला, तिथे तसंही खडप जवळ असल्याने जाळं अडकायचं. हा तुकडा त्यांनी स्वतःहून देऊ केला आणि त्या दिवशी मीटिंगमधलं वातावरणच बदललं. कुणाला काय सोडता येईल हे विचारा, काय पाहिजे ते सगळेच सांगतात.

स्कूबा आणि गिलनेटचं तुलनेने सोपं निघालं. जाळी संध्याकाळी टाकतात, पहाटे काढतात, डायव्हिंग आठनंतर सुरू होतं. अडचण फक्त खडकाच्या तीन जागांची, तिथे जाळं अडकून फाटायचं आणि तुकडे खाली प्रवाळावर लटकत राहायचे, मासे त्यात मरत राहायचे. तर त्या तीन जागा जाळ्यातून वगळल्या, आणि डायव्हिंगच्या पोरांनी कबूल केलं की अडकलेली जाळी तेच काढतील आणि मालकाला परत देतील. शिवाय खडकावर नांगर टाकायचा नाही, एका जागी पक्का बोया बसवून त्यालाच होड्या बांधायच्या.

कासवांचं वेगळं. ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री येतात, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, आणि पिल्लं उजेडाकडे जातात, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे झाकायचे, गाड्या पुळणीवर आणायच्या नाहीत. गाडीबंदीचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला माहितीये? वाळवणवाल्या बायकांना. त्यांच्या सुकत घातलेल्या मासळीवर धूळ आणि टायर येणं थांबलं. एका नियमात दोन कामं होत असतील तर तो नियम टिकतो, कारण राखणारे दुप्पट असतात. देवकार्यही विसरू नका, विसर्जनाची जागा, देवांच्या समुद्रस्नानाची वाट, स्मशान. आमच्याकडे हे नकाशावर सर्वात शेवटी आलं, खरं तर आधी यायला हवं होतं.

आता कागद पक्का करणं. नुसता समजुतीचा कागद असेल तर पुढच्या निवडणुकीनंतर कोणी विचारत नाही. तीन ठिकाणी घाला. एक, ग्रामसभेचा ठराव, नकाशा आणि तक्ता जोडून. ठरावाची भाषा साधी ठेवा, आमची अशी होती: "सोबतच्या नकाशातील 'अ' पट्टा पारंपरिक रापण मासेमारीचा असून तेथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी दहापर्यंत व लाल बावटा असताना यांत्रिक जलक्रीडा होणार नाही, असे सर्व संबंधितांच्या उपस्थितीत ठरले." खाली सगळ्या गटांच्या सह्या. दोन, जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, तिथे कालवांचे खडक, कासवांची पुळण, कांदळवन, रापणीचं पाणी सगळं नोंदवा. बऱ्याच गावांत ही वही कपाटात धूळ खात पडलीये, ती बाहेर काढा. तीन, सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, किनारा व्यवस्थापन आराखडा. त्याच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना घेतात, जनसुनावणी होते, त्या वेळी भाषणापेक्षा नकाशा जोडलेली लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वाळवण, बोटी ओढायची जागा, जाळी विणायची शेड, कोळीवाड्याची हद्द, प्रत्येकाचे बिंदू द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते, तिच्यात स्थानिक पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असं नियमात आहे, ते कोण आहेत हे शोधा आणि नकाशाची एक प्रत त्यांच्या हातात द्या.

कुठल्या गोष्टीसाठी कोणाकडे जायचं हे पण समजून घ्या नाहीतर चपला झिजतात. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर आणि समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत सीआरझेडचे नियम लागू, त्यातलं पाणी म्हणजे सीआरझेड चार. बोटी, जाळी, परवाने, अवैध मासेमारी हे मत्स्यव्यवसाय विभाग, १९८१ च्या सागरी मासेमारी अधिनियमाखाली. जेटी, प्रवासी होड्या, जलक्रीडेची परवानगी हे मेरीटाईम बोर्ड. कासव आणि कांदळवन म्हणजे वन विभाग. गावाचा ठराव बाहेरच्या पर्ससीन बोटीला बांधत नाही, हे लक्षात ठेवा. तिच्यासाठी राज्याचा नियम आहे, फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवलाय, आणि तक्रार करायची तर केबिनवरचा नोंदणी क्रमांक, जीपीएसचा आकडा, वेळ आणि फोटो पाहिजेच. समुद्रात जाऊन दुसऱ्याची बोट अडवणं, पेटवणं यात आपलीच पोरं कोर्टाच्या फेऱ्या मारत बसतात, ते करू नका.

संरक्षित क्षेत्राबद्दल एक मनातलं. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं प्रवाळ जपायलाच हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं राहिला, कारण आपलं पाणी जाणार ही भीती. आमच्या गावात त्या तीन खडकांवर जाळी न टाकण्याचं लोकांनी स्वतः ठरवलं, कुठली अधिसूचना नव्हती, आणि आजपर्यंत तिथे कोणी जाळं टाकलेलं नाही. आधी विचारलं की माणूस राखण करतो.

शेवटचं, देखरेख. एक वही मासळी शेडमध्ये टांगा, बावटा कधी चढला, कोणी मोडला, जाळं कुठे फाटलं, कासवाचं घरटं कुठे सापडलं, तारीख टाकून दोन ओळी. लिहायचं काम एका माणसाचं नको, दर महिन्याला गट बदला. दंड ठेवणार असाल तर छोटा ठेवा आणि तो पैसा बोया-दोरीवरच खर्च करा, आणि त्याचा हिशोब त्याच वहीत. व्हॉट्सअप ग्रुपवर वाद घालू नका, तिथे फक्त बावट्याचा फोटो टाकायचा एवढाच नियम ठेवा.

आणि नकाशा दरवर्षी उघडा. खाडीचं मुख सरकतं, पुळण कापली जाते, मासे वेळ बदलतात. आम्ही नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी फ्लेक्स शेडच्या भिंतीला लावतो आणि आठ दिवस खडू तिथेच ठेवतो, ज्याला जे बदलायचं त्याने येऊन खूण करायची आणि शेजारी नाव लिहायचं. मागच्या वर्षी तीन खुणा झाल्या, त्यातली एक रापणकर काकांची, लाल बावट्याचा बांबू वीस पावलं उत्तरेला घ्या म्हणून, तिथून खाडीपलीकडच्या बोटींनाही दिसतो. घेतला.